जास्तीचा कढ

पाटीवर खडूनं लिहिलंय : ‘ब्रॅकन’. खाली कुत्रीचं चित्र,
एक कान मोडलेला, की खडूच तिथं मोडला असेल.
त्याखाली : ग्लासामागे एक पौंड डोंगर-बचाव पथकाला.
नवं स्ट्रेचर घ्यायचंय. जुन्याचं चाक
मार्चमध्ये ओढ्यात गेलं.

मी अर्धाच ग्लास मागितला.
‘अर्ध्याला अर्धाच पौंड जातो, बरं का,’
बारमागची बाई म्हणाली,
म्हणून पूर्ण घेतला.

रंग इथल्या ओढ्यांचा, दलदलीतून उतरणारा, तांबूस काळा.
फेस बेताचा.
पहिला घोट घेतला आणि जीभ मागे सरली.
दुसऱ्याला करपलेल्या पावाची कड,
संत्र्याच्या सालीखालचं पांढरं,
आणि सगळ्यात शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा
बूट दाराशी काढून
आत आलेला गोडवा.

शेजारी आयझॅक टायसन. मेंढ्यांचा माणूस.
ग्लास दिव्यासमोर धरून म्हणाला,
‘हेस्टर, खरं सांग, ही बिघडली होती ना?’

‘बिघडली नाही. राहिली.
नव्वद मिनिटं उकळायची. हॉप्स टाकून वीस झाली असतील,
तेवढ्यात पेजर वाजला.
म्हाताऱ्याला म्हटलं, तासाभरानं आच बंद करा.
हो म्हणाला, आणि खुर्चीतच घोरायला लागला.
मी परतले तेव्हा फटफटलं होतं.
भांडं कढतच होतं, निम्म्यावर आलेलं.
मोरीत ओतणार होते. मग बोट बुडवून चाखली.
म्हटलं, ज्यांच्यापायी झाली
त्यांच्याच नावानं खपू दे.’

‘वर कोण अडकलं होतं?’

‘कुणी बाई. प्रेस्टनची. पियानो सुरात लावते म्हणे.
पायात कापडी बूट, नोव्हेंबरात!
घोटा सुजून कोबीएवढा.
आणि सारखं आपलं, तुम्हाला उगाच त्रास, उगाच त्रास.’

सगळे हसले.
मीही हसले, क्षणभर मागून,
ढिली तार पट्टीवर येते तशी,
जरा खालून.

त्या रात्रीचं मला फार आठवत नाही.
धुकं. शिट्टी फुंकून सुन्न झालेले ओठ.
अंधारात आधी एक घुंगरू, मग ओलं नाक,
मग कपाळावर दिवा बांधलेली कुणीतरी
माझ्यावर वाकली,
आणि तिच्या कोटाला भाजल्या धान्याचा वास होता.
मला वाटलं, संपलं आपलं.
एवढ्या उंचावर
पाव कोण भाजतंय?

खिशात पाकीट होतं. आभाराचं पत्र, वर थोडे पैसे.
वाटेत चारदा पाठ केलं होतं काय बोलायचं.
पण माणसं सोळा, तास सात,
एका ग्लासाला एक पौंड :
हिशेब कुठूनही मांडा, बाकी माझ्याकडेच निघते.
थेंबाथेंबानं तळं साचतं म्हणतात.
इथं घोटाघोटानं
एक चाक साचत होतं.

पेटीत पाकीट सरकवलं, कुणी बघत नाहीसं बघून.

तेवढ्यात टेबलाखालून ती आली,
दोन्ही कान शाबूत,
आणि माझ्या उजव्या बुटावर हनुवटी टेकून बसली.
त्याच पायावर.

हेस्टरनं कुत्रीकडे पाहिलं.
मग बुटांकडे. नवे, जाड तळव्यांचे,
अजून लेससुद्धा मऊ न झालेले.
काही बोलली नाही.
रिकामा ग्लास उचलून फडक्यानं ओलं वर्तुळ पुसलं.

‘आणखी एक देऊ?
दोनच पिंपं उरलीत.
पुन्हा अशी जमेल असं वाटत नाही.’

‘न जमो,’ मी म्हणाले.