शेवटच्या ज्योतीनंतर

पॉलिसीच्या अठराव्या पानावर, तळाशी,
जिथे अक्षरं मुंग्यांएवढी होतात,
एक अट आहे :
छपरावरची टॉर्च विझवल्यावर
एक माणूस तासभर तिथेच बसेल.
काहीही करणार नाही.
नुसता बघेल.

बाबांना ते कधी पटलं नाही.
"बसायचे पैसे कोण देतं, सिर्का?"
थंडर बेमध्ये चाळीस हिवाळे त्यांनी
डांबर वितळवून छपरं सांधली,
आणि विम्याचा हप्ता भरायच्या दिवशी
दाढ उपटल्यासारखे गाल धरून बसले.
ते गेले. आता वह्या माझ्याकडे.
दोन व्हॅन, पाच माणसं,
वीस लाख डॉलरचं दायित्वाचं कवच,
पोटकंत्राटदारांची प्रमाणपत्रं निळ्या फायलीत,
मुदत संपायच्या तारखा लाल पेनने.
मला वाटायचं, फायलीत सगळं मावतं.

ऑक्टोबर. फिनिश हॉलचं छप्पर.
सरोवरावरून असा वारा की शिडीनेही कण्हावं.
शेवटचा पट्टा चिकटवून
रॅन्डल मकिव्हर
(पोटकंत्राटदार, माणूस चांगला,
तीन मुली, धाकटीला दमा)
वहीत लिहून गेला :
विझवली ४.१०. पहारा ५.१० पर्यंत. सही.

रात्री साडेनऊला हॉल पेटला.

कुणी दगावलं नाही. आधी तेच सांगते,
कारण सगळे आधी तेच विचारतात.
गुरुवार होता, नाच शनिवारी असतो.
पण आईबाबा जिच्यावर पहिल्यांदा नाचले
ती मॅपलची जमीन, तो बेसूर पियानो,
भिंतीवरचे लाकूडतोड्यांचे फोटो,
सगळ्याला ओल्या कोळशाचा वास.
हॉलचा स्वतःचा विमा
जेमतेम खुर्च्यांपुरता.

विमा कंपनीची पॉलेट गान्यों आली.
बूट दाराबाहेर काढले, कॉफी घेतली,
वही उघडून मऊ आवाजात म्हणाली,
"ही वेळ बरोबर आहे ना?"

तर त्या दिवशी
मी पेट्रोल पंपाच्या दुकानात दूध घेत होते.
रांगेत माझ्यापुढे रॅन्डल.
हातांवर डांबर. म्हणाला, वारा जीवघेणा आहे.
मी म्हणाले, हो ना.
आणि पिशवी घेऊन घरी आले.

पावती पर्समध्येच होती. ४.४६.
म्हणजे चोवीस मिनिटं,
कमीत कमी.

"बरोबर" म्हटलं असतं,
तर हॉल उभा राहिला असता,
रॅन्डलची व्हॅन राहिली असती,
माझ्या व्हॅनवरचं बाबांचं नाव राहिलं असतं.
कुणाचं काय गेलं असतं?
एका कंपनीचं, तेही टोरांटोतल्या,
जिचा चेहरा मी पाहिलेला नाही.
पोटकंत्राटदाराच्या चुकीसाठी पॉलिसीत कलम आहे, तीन पोटकलमं आहेत.
रांगेत मागे उभी राहून
"हो ना" म्हणणाऱ्या बाईसाठी काहीच नाही.

पॉलेट पेनाला टोपण लावू लागली.
मी पावती टेबलावर ठेवली,
उलटी. मग सुलटी केली.

दावा अजून अडकलाय.
वकिलाला पत्रागणिक पैसे, उत्तर आलं नाही तरी.
एक व्हॅन विकली.
शनिवारचा नाच चर्चच्या तळघरात होतो,
मी गेले की काही पाठी वळतात.
रॅन्डल तर रस्ताच बदलतो.
हेल्वी आजी मात्र परवा दारात
वेलदोड्याचा पाव ठेवून गेली. चिठ्ठी नव्हती.
तो क्षमेचा होता की कीव येऊन,
खाऊनही कळलं नाही.

काल एका गॅरेजचं छप्पर केलं.
तीनला टॉर्च विझवली, माणसं घरी पाठवली.
वर बसले. थर्मास, घोंगडी, अग्निशामक नळकांडं.
दर दहा मिनिटांनी उठून
तळहात सांध्यांवर ठेवत गेले,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
कोमट. मग गार. मग बर्फासारखा.
खालच्या रस्त्याने कुणीतरी हात केला,
बहुतेक वेड्यात काढलं असेल.

चार वाजेपर्यंत काहीही झालं नाही.
वहीत तेच लिहिलं.