आठ फेऱ्या

नारिनच्या दवाखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
बेरमेत शॉक ॲब्सॉर्बर पान्यात उभा आवळते
आणि दांडा खाली दाबते.
उणे एकतीस. दांडा हलत नाही.
आतलं तेल काकवीसारखं बसलंय,
त्या बारीक भोकातून जायचं
त्याच्या जिवावर आलंय.

"जाडंच घाल," जुना फोरमन सांगून गेला होता,
"गाडी जड, रस्ता भिकार."
घातलं तिनं एका हिवाळ्यात.
चाकाला दबायला जागाच उरेना,
दगडन् दगड थेट स्ट्रेचरवर.
मग पातळ घातलं, तर जूनमध्ये
गाडी एकच खड्डा तीन वळणं उगाळत बसली,
वर-खाली, वर-खाली,
नर्सला ओकारी.

आता वर्षातून दोनदा बदलते.
वहीत लिहून ठेवते, पेन्सिलीनं.
शाई गोठते.

तरीही एसेनबेक पहाटे
रिकामी ॲम्ब्युलन्स आवारात फिरवतो,
आठ फेऱ्या,
मुद्दाम उखडलेल्या कोपऱ्यावरून.
डॉक्टरीणबाई खिडकीतून पेट्रोलचा हिशेब ओरडतात.
तो नुसता हात हलवतो.
धक्के खाल्ल्याशिवाय तेल तापत नाही,
हे कुठे सांगत बसणार?

त्या रात्री फेऱ्यांना वेळ नव्हता.
सागिनबाय आजोबा घोड्यावरून पडलेले,
खुब्याचे तुकडे,
आणि बिश्केक तीनशे किलोमीटर.

पहिल्या वळणालाच एसेनबेक मागे ओरडला,
"शिव्या द्या आजोबा! मला द्या,
रस्त्याला देऊन काही होत नाही."
आजोबांनी दिल्या.
त्याला, गाडीला,
गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना,
आणि ज्या गाढवानं तेल भरलं त्याला.
बेरमेत पुढच्या सीटवर, गप्प,
एकेक मोजत.

डोलोनच्या चढाला लागता लागता
शिव्या विरळ झाल्या.
मग थांबल्याच.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
एसेनबेकचा पाय ब्रेकवर गेला.
तिनं मागची काच सरकवली.

"रस्ता नवा केला का गं?"
आतून आवाज आला, झोपाळलेला.

"नाही," ती म्हणाली, "तोच आहे."

हातमोजा दातांनी ओढून काढला,
पेन्सिल शोधली,
वहीत लिहिलं:
बावीस मिनिटं.