एकास अठ्ठेचाळीस

बोस्त्यांवचं म्हणणं, विमान तरंगलं पाहिजे.
माझं म्हणणं, ते मापात बसलं पाहिजे.
एवढ्यावर पहिले दोन रविवार गेले,
चहा त्याच्याकडचा, काजू माझ्याकडचे,
आणि टेबलावर पांगाऱ्याचा एक ओंडका,
अजून कुणाचीच बाजू न घेतलेला.

तो होड्यांचा सुतार. चिखलीच्या खाडीत
त्यानं केलेल्या होड्या अजून जाळी ओढतात.
मी भूमापन खात्यात नकाशे काढले, चौतीस वर्षं.
त्याच्या बोटांना लाकूड कळतं, माझ्या बोटांना रेघ.
नाताळात त्याचा जावई जहाजावरनं आला,
एक आराखडा घेऊन: पाण्यावर उतरणारं विमान,
चाकांच्या जागी दोन लांबट होड्या,
आणि बोस्त्यांव तो गुंडाळा काखेत मारून
थेट माझ्या पायरीवर.
"होड्या मी करतो रे विश्राम. वरचं ते तू पळय."

बारा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

मी एक रेघ ओढली होती तेव्हा,
त्याचा माड आणि माझा फणस यांच्या मधून.
एकास हजारचा नकाशा, पेनाचं टोक जरा जाड,
अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर हातभर.
त्या हातभर मातीत कधी काही उगवलं नाही.
चुडतांचं कुंपण कुजलं, पुन्हा बांधलं, पुन्हा कुजलं.
त्याच्या आईच्या मयताला मी रस्त्यापर्यंत गेलो
आणि तिथेच उभा राहिलो, छत्री मिटून.

एकास अठ्ठेचाळीस:
चौदा मीटरांचे पंख इथे एकोणतीस सेंटिमीटर,
माणूस करंगळीच्या दोन पेरांएवढा.
मला त्या भागाकाराची खोडच लागली.
झुआरीचा पूल भागला, चर्चचा घंटामनोरा भागला,
ताटातल्या बांगड्याकडे बघत बसलो
तेव्हा बायको म्हणाली, गार होतंय.
एका रात्री बारा वर्षंही भागून पाहिली.
तीन महिने.
दाराच्या चौकटीचं लाकूड वाळायलाही न पुरणारे.
त्याला सांगितलं नाही.

समोरच्या काचेला प्लास्टिक नको म्हणाला.
पाडलेल्या एका घराच्या खिडकीतला
पातळ शिंपला उचलून आणला, पॉलिश पेपरनं घासला.
उजेड आत येतो, दिसत मात्र काही नाही.
"वैमानिकाला कळणार कसं, कुठे उतरायचं?"
"खाडीतच उतरायचंय ना? मग?"

पंख बसवताना फट राहिली.
भिंग लावून मोजली. अर्धा मिलिमीटर.
मी काही बोललो नाही.
तोही भिंगात बराच वेळ बघत राहिला.
मग भुशात फेविकॉल कालवून
त्यानं ती अंगठ्यानं भरली,
आणि अंगठा पँटला पुसला.

पाणी मात्र लहान करता येत नाही.
हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.
लांबून एक बार्ज कुठ्ठाळीकडे गेली,
तिची लाट धक्क्याला लागेस्तोवर म्हातारी झालेली, वीतभर.
आमच्या करंगळीएवढ्या वैमानिकाला ती तीन मजली.
विमान आधी तिच्यावर चढलं, अगदी ऐटीत,
मग डाव्या पंखावर कललं, मग नुसत्या होड्या वर.
बोस्त्यांव मोबाइल माझ्याकडे फेकून
कमरेएवढ्या पाण्यात, शिव्या देत,
होडीला, पंखाला, जावयाला, मला.
वरून दाबोळीचं खरं विमान उतरत होतं, चाकं काढून.
त्याच्या खिडकीत कुणी जागं असेल तर त्याला आम्ही
दोन ठिपके. एकास काही हजार.

आता ते कपड्यांच्या दोरीवर वाळतंय,
त्याचा माड ते माझा फणस अशी दोरी,
शेपटीला दोन चिमटे, शेजारी त्याचा बनियन.
तो म्हणतो, तुझे पंख जड.
मी म्हणतो, तुझी डावी होडी पाणी पिते.
वैमानिक सापडला नाही.
डाव्या होडीतून थेंब पडतायत, सावकाश,
पूर्ण आकाराचे.