फणी

ओहोटी लागली की माझी आई, मुआझिझा,
चाळण घेऊन किल्ल्याखालच्या वाळूत बसते.
तोंडाला मुसिरोचा पांढरा लेप, कमरेला कापुलाना,
आणि बोटं अशी चालतात
जशी तांदळातले खडे वेचताना.
फक्त इथे खडा ठेवायचा, बाकीचं टाकायचं.
निळे मणी, विटकरी मणी, कधी अर्धाच हिरवा.
फुटलेल्या जहाजांतून ते अजून किनाऱ्याला येतात,
तीनशे वर्षं झाली तरी.
एक सर पन्नास मेटिकाल.
पर्यटक त्यातही घासाघीस करतात.

कंपनी आली तेव्हा मी ऑक्टोपस धरायचो.
एका दमात नऊ वाव जाणारा
अख्ख्या बेटावर दुसरा नव्हता, म्हणून मला नोकरी.
रबराचा काळा अंगरखा, पाठीवर हवा,
मनगटावर घड्याळ. ते सांगायचं, आता वर जा.
आधी हे माझी छाती सांगायची.

ओर्तविन साहेब जेवणाच्या टेबलावर नकाशे उलगडायचा.
पलीकडे अजून एका कंपनीची बोट नांगरलेली.
दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे,
म्हणजे खरोखरच पाण्यात,
तारा आणि कॅमेरे सोडून.

जहाज सापडलं, पण ते जहाज नव्हतं.
डोलकाठी नाही, शीड नाही,
सुकाणूला धरून बसलेला सांगाडा तर नाहीच.
गोट्यांचा एक लांबट ढीग,
थकलेलं जनावर कुशीवर झोपावं तसा.
मासे आत-बाहेर करत होते, घरचेच असल्यासारखे.
खाली ताटल्या, एकीत एक.
मधला पेंढा कधीच कुजून गेलेला,
पण चळत तशीच, जणू आता कुणी वाढायला घेईल.

आणि सोनं.
सोनं पाण्यात मळत नाही हे ऐकून होतो.
पाहिल्यावर भीती वाटली.
तिथल्या प्रत्येक वस्तूवर काही ना काही उगवलेलं,
सोन्यावर काहीच नाही.
समुद्राने त्याला जवळच केलं नव्हतं.

वर आलेल्या प्रत्येक गोष्टीला नंबर मिळायचा,
वजन, मग अंदाजे किंमत.
फणीला काहीच मिळालं नाही.
लाकडाची, तळहाताएवढी, सात दात शाबूत.
ओर्तविनने उलटीपालटी करून पाहिली.
टाक, म्हणाला.
मी टाकली. बाहीत.

आईने ती आधी नाकाशी नेली.
मग नखाने दातांमधला गाळ काढत बसली.
"बाई होती," म्हणाली.
"कशावरून?"
"बुवाला कशाला लागतात एवढे बारीक दात?
हिच्या डोक्यात उवा होत्या.
नाहीतर हिच्या पोराच्या."

नाम्पुलाहून आलेली सरकारी बाई मला एकदा बोलून गेली होती,
बुडालेलं लाकूड वाळलं की तडकतं,
ते ओलंच जगतं.
मग दूध पावडरचा डबा आला,
डब्यात समुद्राचं पाणी, पाण्यात फणी.
दर शुक्रवारी पाणी बदलायचं,
मासा पाळल्यासारखं.

कंपनी गेली. एक्केचाळीस पेट्या गेल्या.
कुठल्याशा थंड शहरात लिलाव झाला.
शेजारच्या सुलेमाजीने फोनवर फोटो दाखवला:
पांढऱ्या कापडावर आमची ताटली,
खाली आकडा.
मी त्याचे मेटिकाल केले,
मग आईच्या सरी करायला लागलो,
मग सोडून दिलं.

आता मला खोल जाता येत नाही.
उजव्या खांद्यात म्हणे एक बुडबुडा अडकलाय.
कंपनीचा पत्ता होता, त्यावरून पत्र परत आलं.
आईचे गुडघे गेले, तेव्हापासून
शुक्रवारचं पाणी मीच आणतो.

परवा पाणी ओतताना एक दात हाती आला.
सहा राहिले.
आईला सांगितलं नाही,
दात परत डब्यात सोडला.
सरळ बुडाला नाही तो.
डोलत, वळत,
वेळ घेत गेला तळाला.