दीड वेढा

दीड वेढा. जास्त नाही, कमी नाही.
लुर्डीन सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि माझ्या हातातलं रीळ काढून घेतलं,
कारण मी आर्टरी फोर्सेप्सला
राखी बांधावी तशी टेप गुंडाळत होते.

आधी स्पिरिटनं पूस. तेलाचा हात लागता कामा नये.
कडीवर नाही, तिथं डॉक्टरांचं बोट जातं.
सांध्यावर तर नाहीच, तिथं रक्त लपतं.
कडीच्या खाली, दांड्यावर.
टोक तिरकं काप, अंगठ्यानं घासून बसव,
मग ऑटोक्लेव्ह. वाफ लागली की ती धरते.

पिवळी सिझेरियनची, निळी हर्नियाची,
हिरवी कुटुंबनियोजनाच्या कॅम्पची.
लाल कुणाचीच नाही. ओरोसहून चुकून आलेली एक कात्री,
आम्ही ती परत केली नाही.

मला हे नवं नव्हतं.
तांबळडेगला बापाच्या जाळ्याच्या बोयांना
आईच्या लुगड्याची जांभळी चिंधी असायची.
चाळीस जणांची जाळी, पाणी एकच,
चिंधी बघून हात घालायचा.
खाऱ्या वाऱ्यात ती विरायची, आई नवी बांधायची.
जुनी सुटून कुठं गेली, कोण विचारतो?
दर्या मोठा. त्याच्या पोटात काहीही मावतं.

बाईच्या पोटात मावत नाही.

नारळी पौर्णिमेची आदली रात्र. हिंदळ्याची पहिलटकरीण.
बाळ बाहेर येऊन, रडून, गुंडाळूनही झालेलं.
मी मोजत होते: मॉप पाच, सुया चार, फोर्सेप्स बारा.
बाराव्याचा दांडा उघडा.
डॉक्टर हडकर सुई घेऊन वाकलेले.
नखाएवढा तर तुकडा, असं माझ्या मनात आलं.
आलं होतं, म्हणून सांगते.
मग म्हटलं, सर, थांबा.

मॉप उलगडले. सक्शनची बाटली गाळली.
आत सलाईन ओतलं, टॉर्च मारला, पुन्हा ओतलं.
सत्तावन्न वर्षांची लुर्डीन सिस्टर
दुखऱ्या गुडघ्यांवर टेबलाखाली रांगत होती,
तुकड्यालाच विचारत होती,
‘खंय लपलंस रे मेल्या?’

अठरा मिनिटं.
सापडला तो हडकरांच्याच गाउनला, कोपराखाली चिकटलेला.
कुणी हसलं नाही.
‘शिवतो आता,’ ते म्हणाले.

त्या रात्री आम्ही सगळ्या टेपा सोलल्या.
गोंद नखांत गेला, स्पिरिटनं बोटं पांढरी पडली.
एकीखाली तपकिरी रेघ होती,
रक्ताची, गंजाची, की इथल्या हवेची,
सिस्टरनं नाकाशी धरून पाहिलं, सांगितलं नाही.
ते हत्यार तिनं बाजूला ठेवलं.
जेटीवर पहाटेचे फटाके वाजले तेव्हा
आम्ही निळीवर होतो.

आता दर सोमवारी मी एकेक खिडकीपाशी धरते.
कड उचललेली, तडा, विटलेला रंग.
डबीवर लिहिलेलं वर्ष देवगडची हवा मानत नाही,
ती सहाच महिने देते.
मागणीपत्र परत येतं: टेप, आवश्यकता काय?
मी लिहिते, आहे.

परवा हिंदळ्याची ती आली, मुलाला डोस द्यायला.
पोराच्या मनगटाला काळा दोरा, चार वेढे, ओलसर.
मी आत बोट घालून पाहिलं.
‘सैल कर गो,’ म्हटलं,
‘आणि भिजला की बदल.’