ताळा

प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं मी आकडे तपासले.
नेहरूनगरच्या क्वार्टरमधून सायकल, सातचा भोंगा,
गेटवर झडती,
आणि मग दिवसभर टेबलावर कोरे पासपोर्ट,
अजून कुणाचेच नसलेले.
एक पान फाटलं तरी फेकायचं नाही.
त्यावर बादचा शिक्का, बादची वही वेगळी,
आणि बाद धरून बेरीज जुळली
की मगच सुटी.

रत्नाकर त्यातलाच एक घेऊन गेला,
ब्याण्णवच्या शेवटी.
माझ्या हाताखालून गेलेला असेल, नसेल.
तिकडे त्याला नऊ आकडे मिळाले.
तीन, मग दोन, मग चार,
आणि कार्डावर वर एक ओळ:
परवानगी असेल तरच कामाला ग्राह्य.
दादा, तो हसायचा,
हे आईने बाबांच्या कपाळावर छापायला हवं होतं.

सहा वर्षं पगारातून कापलं त्यांनी
म्हातारपणाचं म्हणून.
दहा भरली असती तर काही मिळालं असतं.
हा सहाव्यातच परतला,
गंगापूर रोडला झेरॉक्सचं दुकान टाकलं
आणि लोकांचे कागद
दोन्ही बाजूंनी काढून देत राहिला.

मार्गशीर्षात गेला.
महापालिकेचा दाखला आठ दिवसांत आला.
आधार बंद, रेशनकार्डावरून नाव कमी.
पंचवटीत उपाध्यांनी वहीत लिहून घेतलं
कोणाचा, कुठल्या गावचा, सोबत कोण आलंय.
राहिलं ते कार्ड.

मैथिली म्हणते, सोडा काका, कोण विचारतंय.
खरंय.
येताना लिहून घेतलं, निघताना कोणी विचारलं नाही.
परका माणूस घरी गेला,
असा रकानाच नसेल त्यांच्याकडे.
तो नंबर म्हणे पुन्हा कुणाला देत नाहीत.
म्हणजे तिथल्या कुठल्याशा मशीनमध्ये
माझा धाकटा भाऊ
सत्तरचा होईल, नव्वदचा, एकशे दहाचा,
आणि कुणाची संध्याकाळ अडणार नाही.

म्हणून पत्र लिहिलं.
सीबीएसला कोर्टासमोर दाखल्याचं भाषांतर केलं, नोटरी केली.
नोटरीने विचारलं, किती रकमेचं प्रकरण आहे?
म्हटलं, रक्कम नाही.
त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला.

पोस्टातून निघताना
पावतीवरचा नंबर उजेडात धरून
दोनदा वाचला,
सवयीने.