एकोणतीस दिवस उशीर

बाई, पुस्तक परत आणलं आहे.
रोजचा एक रुपया, एकोणतीस दिवस.
सुटे आहेत.

तुम्ही म्हणाला होतात, वाच,
तुझ्यासारख्याच एका मुलाची कादंबरी आहे.
पण त्याच्या गावाला समुद्र आहे.
मित्राला मारून टाकल्यावर तो वाळूत बसून राहतो
आणि बाराव्या प्रकरणात त्याला काहीतरी कळतं.
काय, ते लिहिलेलं नाही.
तो उठतो, चड्डीची वाळू झटकतो,
घरी जेवायला जातो.

आमच्या गोळीबार चौकात वाळू फक्त बांधकामाची.
त्या संध्याकाळी कुणीतरी तीच दोन घमेली आणून
पानठेल्यापुढे ओतली, पायाने सारखी केली.
सकाळी तिच्यावर मांजरीची पावलं होती.

सगळे सांगतात, लोकेश भांडणात मधे पडला.
नाही पडला.
तो आजोबांचा खर्रा घ्यायला गेला होता.
भांडण दुसऱ्याच दोघांचं, दोनशे रुपयांचं,
आणि ठेल्यापुढे जागा ती केवढी.

मी त्याची सायकल धरून उभा होतो.
ती अजून आमच्या जिन्याखाली आहे.
दोनदा नेऊन दिली,
दोनदा पराते काकूंनी परत पाठवली,
दुसऱ्यांदा हवा भरून.
सीट उंच आहे. मी उभ्यानेच चालवतो.

मारबतीच्या दिवशी गर्दी ओरडत होती,
घेऊन जा गे मारबत!
डास घेऊन जा, महागाई घेऊन जा.
मीही तोंड उघडलं.
चाकू म्हणू, दोनशे रुपये म्हणू, ठेला म्हणू
(तो आता पलीकडच्या कोपऱ्यावर लागतो)
की त्याला घेऊन जा म्हणू, जो म्हणाला होता,
तू जा ना बे, मी सायकल पकडून राहतो.
तोवर ती पुढे निघून गेली.

पान एकसष्टवर तेलाचा डाग आहे, सांबारवडीचा.
मागच्या कार्डावर माझ्या आधी त्याचंच नाव.
तुम्हाला माहीत होतं का, बाई?
तिथून पुढचं मी गच्चीवर मोठ्याने वाचलं,
पाण्याच्या टाकीकडे तोंड करून.
खालून आईने विचारलं, काय करून राहिला?
पाठांतर, म्हटलं.

त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे.
मी दुमडला नाही.
सरळ करू नका.
दंड बसत असेल तर
माझ्या नावावर लिहा.